सूतभर

बाई म्हणाली, हात सैल सोडा.
मी म्हणालो, तेवढंच तर जमत नाही.
सोडायचा म्हटला की अजून आवळतो,
चकात पकडलेला जॉब,
आणि चकची किल्ली कुठं ठेवली
ते कुणालाच आठवत नाही.

उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर काढली.
पिस्टन, लायनर, वॉल्व्ह गाईड, सगळं थाऊच्या हिशेबात.
बाबालाल शिकलगारनं मोजलेलं
पुन्हा कुणी मोजत नसे.
आता राजारामपुरीत आठव्या गल्लीत
मीच टेबलावर आडवा.
हाताला गार जेल, दोन चकत्या,
एक हिरवी वायर.
अर्थिंग. ते मला न सांगता कळलं.

आधी डावा, चांगला.
कोपराच्या खोबणीत तिनं टोक टेकवलं. टक्.
मनगट उडालं. मी उडवलं नव्हतं.
पडद्यावर दोन टेकड्या:
एक लगेच, उंच, जोतिबासारखी,
दुसरी मागून, बुटकी, वडणग्याच्या शिवारातला उंचवटा.
पहिली सरळ स्नायूत गेली, बिरांजेबाई सांगतात,
दुसरी मणक्यापर्यंत जाऊन परत आली.
"आणि डोक्यात?"
"डोक्याला विचारलंच नाही, मामा."
जाऊन येऊन सतरा मिलिसेकंद.
तेवढ्यात केएमटीचा कंडक्टर
घंटीच्या दोरीला हातसुद्धा लावत नाही.

करंट कमी असला की दुसरी दिसते,
वाढवत नेला की पहिली तिला गिळते.
दोघींची जास्तीत जास्त उंची घ्यायची,
दुसरीला पहिलीनं भागायचं.
हिशेब सोपा आहे. आमच्याकडं पोरगं
पहिल्या महिन्यात शिकतं.

मग उजवा.
फेब्रुवारीपासून छातीशी येऊन बसलेला.
मूठ अशी मिटलेली की जैबून रोज सकाळी
एकेक बोट उघडून ओल्या फडक्यानं तळवा पुसते,
आणि तळव्यात नखांचे चार चंद्र.
जांभई आली की मात्र हाच हात आपोआप वर जातो,
मार्केट यार्डात गुळाची बोली लावल्यागत.
नातू हसतो. मीही हसतो.
हसलो की पुन्हा आवळतो.

टक्.
दुसरी टेकडी पहिलीच्या खांद्याला लागली.
डाव्याचं उत्तर पॉइंट वीस,
उजव्याचं पॉइंट एकसष्ट.
मी विचारलं, ड्रॉइंगात किती दिलंय? टॉलरन्स किती?
बाई जरा थांबली.
"माणसागणिक वेगळं असतंय.
तुमचा डावा, हेच तुमचं ड्रॉइंग."

शिरोळच्या एका मळ्यात
गव्हर्नर निखळलेलं इंजिन बघितलं होतं मी.
पंधराशेचं इंजिन अडीच हजारावर किंचाळत होतं,
पाया हलत होता, मालक लांब जाऊन उभा.
डिझेल बंद करायला पुढं कोण जाणार?
घरी बघायला येणारे म्हणतात,
हातातला जीव गेला बघा.
त्यांना ही टेकडी दाखवायला पाहिजे.

शेवटी तिनं मनगटाच्या शिरेवर
दाढीच्या मशीनसारखं काहीतरी थरथरतं धरलं.
डाव्याची दुसरी टेकडी खाली बसली,
पाणी मारल्यावर धूळ बसते तशी.
उजव्याची हट्टी. टक्. टक्.
पुन्हा टक्.
बाई पडद्याजवळ वाकली.
"घटली, मामा. पण अगदी सूतभर."
आवाज मऊ केला तिनं,
मला वाईट वाटेल म्हणून.

पोरी, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.
एकशे पंचवीस थाऊ.
एवढी फट पडली तर लायनरमध्ये
अख्खा पिस्टन खुळखुळतो.
एवढ्यासाठी मी जॉब भंगारात टाकलेत,
पोरांना शिव्या दिल्यात.

लिही तो आकडा.
तारीख घाल.
पेन्सिलीनं नको.